चार गळे, पाचवा सूर

अमेरिकेत कोलंबस नावाची गावं पुष्कळ आहेत. त्यातलं इंडियाना राज्यातलं कोलंबस पन्नासेक हजार वस्तीचं. नकाशावर ते सहज नजरेतून सुटेल, पण कोथरूड-कर्वेनगरात चौकशी केलीत तर तिथं राहून आलेला कुणीतरी नक्की भेटेल. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय तिथं आहे, आणि या कंपनीचं पुण्यातलं बस्तान १९६२ पासूनचं. आमची कॉलेजातली एक मैत्रीण बरीच वर्षं तिथं नोकरी करते. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघं पुण्याहून तिच्याकडे जाऊन थडकलो. तिघांत एक तबलजी (बँकेतून निवृत्त, पण ओळख तबलजी म्हणूनच), एक पंचवीस-तीस वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली आणि शिकवणारी, आणि मी, ज्याला गाण्यातला फक्त कान मिळाला, गळा नाही.

बेत होता केंटकीतली मॅमथ केव्ह बघण्याचा. जगातली ज्ञात असलेली सर्वांत लांब गुहा. मोजून झालेला भागच ६८० किलोमीटरहून अधिक. ती बघून परत, एवढंच. पण मैत्रिणीच्या ऑफिसातले एक वयस्क गृहस्थ आदल्या संध्याकाळी जेवायला आले होते. ठेंगणे, पोट सुटलेले, आणि आवाज असा की ‘पास द सॉल्ट’ म्हटलं तरी टेबलावरचे चमचे हलावेत. आमच्यातली एक गाते हे कळल्यावर त्यांनी जेवण बाजूला सारलं. ‘‘गुहा कुठे पळून जात नाही. या आठवड्यात लुइव्हिलला चला. बार्बरशॉपचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन आहे. मी बेस गातो.’’

न्हाव्याच्या दुकानाचा आणि गाण्याचा संबंध काय, हा प्रश्न तबलजीने मराठीत विचारला आणि मैत्रिणीने तो इंग्रजीत करून सांगितला. गृहस्थ म्हणाले, ‘‘ते ऐकल्यावर विचारा.’’

कोलंबसहून लुइव्हिल म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्या पासष्ट क्रमांकाच्या हायवेने सव्वा तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, आणि मग एकदम ओहायो नदीचं रुंद, गढूळ पात्र. नदी ओलांडली की इंडियाना संपतं आणि केंटकी सुरू होतं. एकेकाळी ही नदी म्हणजे गुलामगिरी असलेल्या आणि नसलेल्या राज्यांमधली सीमा होती. हे तेव्हा नुसतं माहितीपुरतं कानावर पडलं. दोन दिवसांनी त्याची आठवण वेगळ्या कारणाने झाली.

स्पर्धा ज्या इमारतीत होती तिचं नाव ‘केएफसी यम सेंटर’. हसू येतं, पण कोंबडी तळणाऱ्या या कंपनीचं घर तेव्हा लुइव्हिलच होतं. नदीकाठचं हे क्रीडागार २०१० साली उघडलं. एरवी तिथं कॉलेजचे बास्केटबॉलचे सामने होतात आणि वीस हजारांवर माणसं बसतात. त्या आठवड्यात मैदानाच्या एका टोकाला मंच उभारला होता आणि उरलेल्या जागेत जगभरातून आलेले हौशी गवई बसले होते. हौशी हा शब्द महत्त्वाचा. कुणी दंतवैद्य, कुणी शाळेत संगीत शिकवणारा, कुणी ट्रकचालक. गाण्यावर पोट असणारे थोडेच.

पहिल्या दिवशी चौकड्यांची उपांत्यपूर्व फेरी. मंचावर चार माणसं येतात. एकसारखे सूट, चकाकते बूट. हातात वाद्य नाही, मागे साथ नाही, समोर कागद नाही. एकजण खिशातून गोल चपटी शिट्टी काढतो आणि एक सूर फुंकतो. हीच त्यांची पट्टी. एक श्वास, आणि गाणं सुरू. प्रत्येक चौकडीला प्रत्येक फेरीत दोन गाणी गायची असतात. साधारण सहा-सात मिनिटांत खेळ आटोपतो, टाळ्या पडतात, पुढची चौकडी.

चार आवाजांची कामं ठरलेली. ‘लीड’ गाण्याची मूळ चाल गातो. ‘टेनर’ त्याच्या वर, हलक्या, बारीक आवाजात. ‘बेस’ सगळ्यात खाली, पाया धरून. आणि ‘बॅरिटोन’ उरलेला सूर घेतो; कधी लीडच्या वर, कधी खाली, जिथे भोक पडलं असेल तिथे. बॅरिटोनची ओळ एकटी ऐकली तर ते गाणं आहे असं वाटणारच नाही, इतक्या वेड्यावाकड्या उड्या. त्यामुळे बार्बरशॉपच्या जगातले निम्मे विनोद बॅरिटोनवर असतात. पाश्चात्त्य चर्चसंगीतात चाल बहुधा सगळ्यात वरच्या आवाजाकडे असते. इथे ती वरून दुसऱ्याकडे, आणि हीच या शैलीची पहिली खूण.

सुरुवातीच्या दोन-तीन चौकड्या ऐकताना माझं मत फारसं चांगलं झालं नाही, हे सांगायला हवं. गाणी बहुतेक शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाची: आई, जुनं गाव, सोडून गेलेली प्रेयसी. हावभाव असे की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही भुवई उडालेली दिसावी. चार प्रौढ पुरुष एकाच वेळी हात पसरतात, एकाच वेळी मान तिरकी करतात. तबलजी कुजबुजला, ‘‘हे जरा गोडच होतंय.’’

मग एक चौकडी आली. तिनं गाण्याच्या शेवटाकडे एक स्वरसमूह धरला आणि तो ताणत नेला. ताणता ताणता छताच्या दिशेने कुठून तरी आणखी एक आवाज आला. बारीक, धातूसारखा, चौघांपैकी कुणाचाही नसलेला. गाणारी मैत्रीण खुर्चीत सरळ होऊन बसली. तिनं माझ्या मनगटावर नखं रोवली आणि म्हणाली, ‘‘ऐकलास? गांधार बोलला.’’

बार्बरशॉपवाले याला ‘रिंग’ म्हणतात. स्वरसमूह ‘लॉक’ झाला की तो वाजू लागतो, असं त्यांचं म्हणणं, आणि सगळी धडपड या एका क्षणासाठी असते. जादू वगैरे काही नाही, निखळ ध्वनिशास्त्र आहे. समजा चौघे अनुक्रमे सेकंदाला ४००, ५००, ६०० आणि ७०० कंपनांचे सूर गात आहेत. म्हणजे ४:५:६:७ असं प्रमाण. प्रत्येक गळ्यातून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही निघत असतात. ४०० चा पाचवा उपस्वर २०००, आणि ५०० चा चौथाही २०००. ४०० चा सहावा आणि ६०० चा चौथा, दोन्ही २४००. ४०० चा सातवा आणि ७०० चा चौथा, दोन्ही २८००. दोन-दोन गळ्यांचे उपस्वर एकाच जागी येऊन एकमेकांना बळ देतात. माणसाचा कान नेमका या उंच पट्ट्यात फार तिखट असतो, म्हणून ते वरून येत असल्यासारखे ऐकू येतात. पण त्यासाठी प्रमाण अगदी काटेकोर हवं. पियानोवर हे होत नाही. पियानोचे सूर सगळ्या पट्ट्यांत वाजवता यावेत म्हणून थोडेथोडे सरकवलेले असतात. त्यावरचा गांधार खऱ्या गांधाराहून चढा, आणि ७ या आकड्याचा जो निषाद बार्बरशॉपला हवा असतो, त्याहून पियानोवरचा कोमल निषाद अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका चढा.

आमच्या गायिकेला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिचं आयुष्य तानपुऱ्यापाशी गेलेलं. षड्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गांधार उमटू लागला की तानपुरा लागला, हे तिला पहिल्या वर्षी शिकवलेलं. आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीस वर्षं हार्मोनियमला दारात उभं केलं नाही, त्यामागेही हाच आक्षेप होता: पेटीचे सूर कापून चौकटीत बसवलेले. त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत तिनं फोनवरचा तानपुरा लावला आणि बार्बरशॉपचा तो निषाद शोधायला बसली. आपल्या नेहमीच्या कोमल निषादावरून खाली, अजून खाली. ‘‘हा आपल्यात उतरलेला म्हणून बेसूर ठरला असता,’’ ती म्हणाली, ‘‘पण तिथं तोच खरा.’’ मग बराच वेळ तिघांनी तिचा निषाद ऐकला. शेजारच्या खोलीतून भिंतीवर टकटक झाली नाही, याचं कारण बहुधा शेजारच्या खोलीतही गाणंच चाललं होतं.

या गायकीत चारही गळ्यांना आपापलं वेगळेपण झाकून ठेवावं लागतं. आवाजात कंप नको. ‘आ’ आणि ‘ओ’ चे उच्चार चौघांचे तंतोतंत एक हवेत, कारण उच्चार बदलला की उपस्वरांची ठेवण बदलते. बेस आणि लीड भरीव, टेनर अगदी हलका. लीडने चाल धरायची आणि बाकीच्यांनी क्षणाक्षणाला त्याच्याशी आपला सूर जुळवून घ्यायचा. ज्या गायकीत एकेका स्वरावर गवय्याची मुद्रा उमटावी लागते, त्या गायकीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे उफराटं वाटतं. आपल्याकडे आवाज ओळखू आला पाहिजे. तिथं कुणाचा आवाज ओळखू आला, की गुण जातात.

गुणांचा हिशेब बेस गाणाऱ्या गृहस्थांनी मध्यंतरात समजावला. मंचासमोर अंधारात एका लांब टेबलाशी परीक्षक बसतात. त्यांचे तीन विभाग: संगीताची जाण, सादरीकरण आणि गायन. प्रत्येक परीक्षक प्रत्येक गाण्याला शंभरपैकी गुण देतो. प्रेक्षक शेवटी सरासरीच्या टक्क्यांत बोलतात. नव्वदीच्या पुढे गेलेली चौकडी म्हणजे अव्वल. परीक्षकही स्वयंसेवकच, आणि परीक्षक व्हायला कित्येक वर्षांचं प्रशिक्षण आणि चाचण्या असतात. प्रादेशिक स्पर्धांमध्ये निकालानंतर परीक्षक एकेका चौकडीला समोर बसवून गाणं कुठे सांडलं ते सांगतात. आमच्या तबलजीने आयुष्यभर स्पर्धांची परीक्षणं करून नंतर मागच्या दाराने घर गाठलेलं. त्याला ही पद्धत धाडसाची वाटली.

आणखी एक नियम मला फार आवडला. सुवर्णपदक मिळालेली चौकडी पुन्हा स्पर्धेत उतरू शकत नाही. एकदा जिंकलात, की आयुष्यभर विजेते, पण स्पर्धा संपली. मोठ्या वृंदांना इतकी कडक बंदी नाही; जिंकल्यावर दोन वर्षं थांबायचं आणि मग यायचं. त्यामुळेच डॅलसच्या ‘व्होकल मेजॉरिटी’ नावाच्या वृंदाकडे तेरा विजेतेपदं जमली आहेत. वृंदांचा दिवस वेगळा असतो. शंभराहून अधिक माणसं पायऱ्यांच्या मंचावर उभी राहून चारच ओळी गातात, आणि आवाज छातीवर आदळतो. दिपून जायला होतं. पण माझ्यापुरतं सांगायचं तर चौघांच्या गाण्यात जी जोखीम आहे ती तिथं नाही. शंभरात एकाचा सूर हलला तर झाकला जातो, चौघांत लपायला जागाच नाही.

दुपारच्या सुट्टीत आम्ही गाव हिंडलो. ऊन दमट, अंगाला चिकटणारं. लुइव्हिलला लोक घोड्यांच्या शर्यतीसाठी ओळखतात. १८७५ पासून दर मे महिन्यात डर्बी भरते. बेसबॉलची बॅट बनवणाऱ्या कारखान्याबाहेर १२० फूट उंचीची पोलादी बॅट भिंतीला टेकवून ठेवली आहे, तिच्याखाली सगळ्यांनी फोटो काढायचे असतात, आम्हीही काढले. नदीवर ‘बेल ऑफ लुइव्हिल’ ही १९१४ साली बांधलेली वाफेची बोट अजून चालते, आणि तिच्या छतावर वाफेवर वाजणारी शिट्ट्यांची पेटी आहे. ती वाजली की अर्धं गाव ऐकतं, आणि सूर या गोष्टीशी तिचं फारसं देणंघेणं नसतं.

गाण्याशी या गावाचं नातं मात्र जुनं आहे. जगात सगळ्यात जास्त गायलं जाणारं गाणं इथलंच. पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींनी बालवाडीच्या मुलांसाठी सकाळच्या नमस्काराचं एक गाणं केलं, ते १८९३ साली छापलं गेलं, आणि त्याच चालीवर पुढे ‘हॅपी बर्थडे’ बसलं. त्या गाण्याच्या हक्कांवर एक कंपनी पैसे वसूल करत होती, ते २०१५ साली न्यायालयाने थांबवलं. मिल्ड्रेड हिल कृष्णवर्णीयांच्या संगीताचा अभ्यास करणारी होती, ही गोष्ट कमी सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मातीचे बुधले फुंकून ताल धरणारे कृष्णवर्णीयांचे ‘जग बँड’ याच गावात नावारूपाला आले. दोघी बहिणी गावातल्या केव्ह हिल दफनभूमीत आहेत. मुष्टियोद्धा महंमद अलीही तिथंच आहे आणि कोंबडीवाले कर्नल सँडर्सही.

अलीचं संग्रहालय स्पर्धेच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तो याच गावचा, जन्माने कॅशियस क्ले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आल्यावर गावातल्या एका खानावळीने त्याला कातडीच्या रंगावरून जेवण नाकारलं आणि त्यानं पदक ओहायो नदीत फेकून दिलं, अशी कथा त्याच्या आत्मचरित्रात आहे. ती घडली तशीच का, यावर वाद आहेत. पदक हरवलं होतं असंही सांगतात. ज्या पुलाचं नाव या कथेत घेतलं जातं तो आमच्या स्पर्धेच्या इमारतीला लागूनच आहे. आत पदकांसाठी गाणं चाललं होतं. न्हाव्याच्या दुकानाचा आणि गाण्याचा संबंध काय, या तबलजीच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला मिळालं ते या पुलावर चालताना, बेस गृहस्थांच्या तोंडून. त्यांनी काही लपवलं नाही.

इंग्लंडात चार-पाचशे वर्षांपूर्वी न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांनी वेळ घालवावा म्हणून तंतुवाद्य टांगलेलं असे. पण अमेरिकेतल्या या गायकीचं मूळ तिथं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेत, केशकर्तनाचा धंदा मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीयांच्या हातात होता. त्यांना क्लब, थिएटर, हॉटेल यांची दारं बंद. मग गावातल्या पुरुषांनी बसायची, बोलायची, गायची जागा म्हणजे न्हाव्याचं दुकान. कुणी एक चाल धरायचा, बाकीचे कानाने त्यावर सूर चढवायचे. लेखक जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या अशा चौकड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. लुई आर्मस्ट्राँग पोरवयात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर मित्रांच्या चौकडीत गात असे. पुढे गोऱ्या गायकांनी ही शैली उचलली, ध्वनिमुद्रिका खपल्या, आणि काही दशकांत मूळ कुणाचं हे विसरलं गेलं. लिन अ‍ॅबट या संशोधकाने १९९२ मध्ये ‘अमेरिकन म्युझिक’ या नियतकालिकात पुराव्यांसह मांडणी केली, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला.

संघटना उभी राहिली ती १९३८ साली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातले करविषयक वकील ओ. सी. कॅश आणि गुंतवणुकीच्या धंद्यातले रूपर्ट हॉल कॅन्सस सिटीच्या एका हॉटेलात वादळामुळे अडकले होते. वेळ जाईना म्हणून गायला लागले. घरी परतल्यावर कॅशनी मित्रांना थट्टेच्या सुरात पत्र पाठवलं आणि ११ एप्रिलला टल्सा क्लबच्या गच्चीवर सव्वीस जण जमले. रूझवेल्टच्या काळात सरकारी खात्यांना लांबलचक आद्याक्षरांची नावं होती. त्यांची टिंगल म्हणून या मंडळींनी संस्थेचं नावच इतकं लांब ठेवलं की इंग्रजीत त्याची आठ आद्याक्षरं होतात. आज तिला ‘बार्बरशॉप हार्मनी सोसायटी’ म्हणतात आणि तिचं कार्यालय नॅशव्हिलला आहे. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये टल्सातच झाली. जिंकलेल्या चौकडीचं नाव ‘बार्टल्सव्हिल बारफ्लाइज’, म्हणजे दारूच्या गुत्त्यावर पडीक असणारी माणसं. थट्टेचा सूर असा सुरुवातीपासूनचा.

थट्टा १९४१ मध्ये संपली. न्यूयॉर्क शहराची स्पर्धा ‘ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स’ या चौकडीने जिंकली. रेड कॅप म्हणजे रेल्वे स्थानकावरचे हमाल, चौघेही कृष्णवर्णीय. सेंट लुइसच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना गाऊ देणार नाही, असं संस्थेने कळवलं. ज्यांच्या माणसांनी ही गायकी घडवली त्यांनाच तिच्या स्पर्धेतून वगळलं. निषेध म्हणून न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी संस्थेतून राजीनामे दिले. नियम मात्र १९६३ पर्यंत तसाच होता. बायकांचीही गत वेगळी नव्हती. त्यांनी १९४५ मध्ये टल्सातच ‘स्वीट अ‍ॅडलाइन्स’ काढली. त्या संस्थेनेही कृष्णवर्णीय स्त्रियांना दार लावलं, तेव्हा त्यातून बाहेर पडलेल्यांनी १९५९ मध्ये ‘हार्मनी इन्कॉर्पोरेटेड’ स्थापन केली. पुरुषांच्या संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते २०१८ मध्ये.

हे सगळं सांगताना गृहस्थ पुलाच्या कठड्याला टेकून उभे होते. मैत्रिणीने विचारलं, ‘‘तुम्ही केव्हापासून गाताय?’’ ते म्हणाले, ‘‘वडिलांबरोबर जायला लागलो तेव्हा तो नियम होता. मला ठाऊक नव्हतं. वडिलांना असणार.’’ यावर कुणी काही बोललं नाही. नदीवरून एक लांबलचक माल वाहणारा तराफा चालला होता, तो जाईपर्यंत आम्ही बघत राहिलो.

सभागृहात बसलेल्या हजारो माणसांत कृष्णवर्णीय चेहरे फार थोडे दिसले. संस्था आता त्या इतिहासाबद्दल उघडपणे बोलते, सर्वांना सामावून घेण्याची भाषा करते, आणि ती मनापासूनची वाटते. पण साठ-पासष्ट वर्षं खुलं असलेलं दार आणि त्याआधीची पंचवीस वर्षं बंद ठेवलेलं दार, यांत लोकांच्या लक्षात कुठलं राहतं ते खुर्च्यांकडे पाहिलं की कळतं. गाणी जुनी निवडायची, आणि जुना काळ फक्त गोड होता असं म्हणायचं, यात एक अवघडलेपण आहेच. ते मला शेवटपर्यंत जाणवत राहिलं, रिंग ऐकतानाही.

परदेशी चौकड्यांमुळे हे चित्र हळूहळू बदलतं आहे. २०१२ मध्ये स्वीडनच्या ‘रिंगमास्टर्स’नी सुवर्ण जिंकलं, तेव्हा उत्तर अमेरिकेबाहेरच्या चौकडीला ते पहिल्यांदा मिळालं. दोन वर्षांनी न्यूझीलंडच्या ‘म्युझिकल आयलंड बॉइज’नी जिंकलं. पॅसिफिक बेटांवरच्या समूहगानाचा दम त्यांच्या गळ्यात होता आणि जुन्याच चालींना त्यांनी वेगळी धार आणली, असं आमचे गृहस्थ अजून सांगतात.

आणि आता लॉबीबद्दल. स्पर्धेची तिकिटं न काढता नुसतं नदीकाठच्या हॉटेलांच्या लॉबीत बसलात तरी सहल वसूल होते. मध्यरात्र उलटल्यावर तिथं खरी मैफल भरते. गाण्याच्या अगदी शेवटच्या चार-सहा ओळी, ज्यात सगळ्यात चमकदार स्वरसमूह ठासून भरलेले असतात, त्यांना ‘टॅग’ म्हणतात. अख्खं गाणं बसवायला महिने लागतात. टॅग पाच मिनिटांत शिकता येतो. एखादा माणूस चौघांना गोळा करतो. कागद नाही. आधी लीडची ओळ म्हणून दाखवतो, मग बेसची, मग टेनरची, शेवटी बॅरिटोनची. एक जण एक लांब सूर धरून ठेवतो, त्याला ‘पोस्ट’ म्हणतात, आणि बाकीचे त्याच्याखालून सरकत जातात. चौघे एकमेकांकडे तोंड करून, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ उभे राहतात. पंचाहत्तरीचा आजोबा, सोळा वर्षांचा मुलगा, टॅक्सीवाला, डॉक्टर. एकमेकांची नावंही विचारत नाहीत. टॅग संपला की हसतात, हात मिळवतात आणि पांगतात. एक शिष्टाचार मात्र कडक: चौघांचं चाललेलं असताना पाचव्याने आगंतुकासारखा आवाज मिसळायचा नाही. बाजूला उभं राहून ऐकायचं.

बेस गृहस्थांनी आम्हाला सोडलं नाही. गायिका लीड, कारण चाल तिला सोडवत नव्हती. कोलंबसची मैत्रीण टेनर. बेस ते स्वतः. ‘‘आणि तुम्ही,’’ तबलजीकडे बोट दाखवून, ‘‘बॅरिटोन.’’ का, म्हणून विचारल्यावर म्हणाले, ‘‘आयुष्यभर दुसऱ्यांच्या मध्ये उरलेल्या जागा भरल्यात ना? तेच काम आहे.’’ तबलजी खूष. मला फोन धरून ध्वनिमुद्रण करायला उभं केलं. पहिल्या खेपेला गायिकेने सवयीने एका सुरावर हलकीशी मुरकी घेतली. गृहस्थ गाता गाता थांबले आणि हात जोडून म्हणाले, ‘‘सुंदर. पण नको.’’ सहाव्या-सातव्या खेपेला शेवटचा स्वरसमूह जमला. वाजला का? क्षणभर वाजला असावा. फोनमध्ये तो आला नाही, पण चौघांचेही डोळे एकाच वेळी वर गेले, हे मी पाहिलं आहे.

अंतिम फेरी शनिवारी रात्री. उपांत्यपूर्व फेरीतल्या चौकड्यांमधून दहा उरलेल्या. स्पर्धेआधी जुन्या विजेत्यांपैकी कुणी ध्वनियंत्रणा तपासण्यासाठी गातात, ते गुणांसाठी नसल्यामुळे मोकळं आणि बहारदार होतं. मग दहांची गाणी, आणि निकाल उलट्या क्रमाने: पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा. जिंकली न्यूयॉर्कची ‘मिडटाऊन’. आमच्या गायिकेची पसंती दुसऱ्याच चौकडीला होती, आणि त्यावर तिचा व तबलजीचा परतीच्या अख्ख्या रस्त्यात वाद झाला. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं आणि संस्थेचं ‘कीप द होल वर्ल्ड सिंगिंग’ हे गाणं म्हणू लागलं. हजारो माणसांना चार भाग कुणी वाटून द्यावे लागत नाहीत. ज्याला जो ठाऊक तो तो गातो.

कुणाला जावंसं वाटलं तर एवढं लक्षात ठेवावं. हे अधिवेशन दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला नव्या शहरात भरतं. २०२४ मध्ये क्लीव्हलँडला झालं, २०२५ मध्ये डेन्व्हरला. सभागृहात वातानुकूलन इतकं जोरात असतं की बाहेर कितीही उकडत असलं तरी शाल हवी. आठवडाभर राहणं शक्य नसेल तर चौकड्यांची उपांत्य फेरी गाठावी. तिथं दर्जा उंच असतो आणि अंतिम फेरीतला ताण नसतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना तर जुलैची वाट बघायचंही कारण नाही. गावोगावच्या शाखा आठवड्यातून एका संध्याकाळी सरावाला जमतात आणि पाहुण्यांना आनंदाने उभं करून घेतात. सूर धरता आला तर पुरे; नोटेशन वाचता आलंच पाहिजे असं नाही.

गुहा दुसऱ्या दिवशी बघितली. पुण्याला आल्यावर तिघांनी कोलंबसच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून तो टॅग म्हणायचा प्रयत्न केला. आवाज उशिरा पोचत असल्यामुळे टेनर प्रत्येक वेळी एक शब्द मागे राहते. फोनवर चौघांनी एकत्र गाणं होत नाही. ती पुढच्या डिसेंबरात येणार आहे. बेसची जागा मला भरायची आहे, असं परस्पर ठरलं आहे, आणि तबलजीला आत्ताच आपली ओळ आठवत नाही.